जामकाठचे सावरगाव : घाटाखालची मराठी

पांढुर्ण्यासमोर, जाम नदीच्या पलीकडच्या काठावर वसलेले सावरगाव बाहेरच्या जगाला वर्षातून एकदाच आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध ध्वज बांधलेले पळसाचे झाड रोवले जाते आणि त्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. माणसे जायबंदी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. त्या हिंसेचे समर्थन आम्ही करीत नाही, मात्र तिचे नाव लक्षात घ्यावे. ‘गोटा’ आणि ‘मार’ यांपासून झालेला ‘गोटमार’ हा शब्द हिंदी वृत्तपत्रांनाही जसाच्या तसा छापावा लागतो. पोळ्याच्या अमावास्येला हिंदी पंचांग भाद्रपदाची म्हणते, मराठी पंचांग श्रावणाची. तिच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, इकडे गोटमार होते.

गावाचे नाव सावरीच्या, म्हणजे काटेसावरीच्या झाडावरून पडले असावे. नरखेड तालुक्यातही एक सावरगाव आहेच. दोहोंच्या मधून आज राज्याची सीमा जाते.

ही सीमा भूगोलाने आखलेली नाही. इंग्रजी अमदानीत छिंदवाडा जिल्ह्यातील घाटावरच्या मुलखाला बालाघाट (त्या नावाचा आजचा जिल्हा नव्हे) आणि घाटाखालच्या मुलखाला झेरघाट म्हणत. सौसर तहसील झेरघाटात येते. सातपुडा उतरला की जमीन, कापूस, संत्र्यांच्या बागा आणि बोली, सारे नागपूरकडचे. देवगडचे गोंड राज्य, मग नागपूरकर भोसले, १८५३ मध्ये संस्थान खालसा, १८६१ पासून मध्य प्रांत. एवढ्या स्थित्यंतरांत हा मुलूख नागपूरच्याच छायेत राहिला.

ताटातूट झाली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. राज्य पुनर्रचना आयोगाने सीमा ठरवताना सर्वसाधारणपणे जिल्हा हाच घटक धरला होता. घाटावरच्या हिंदी-गोंडी मुलखाला जोडलेले झेरघाट त्यामुळे वेगळे मोजलेच गेले नाही. १९५९ मध्ये आंध्र-मद्रास सीमेचा निवाडा मात्र खेडे हा घटक मानून झाला. त्या कसोटीवर जामकाठची गावे तपासली गेली असती, तर निकाल काय लागला असता, हे आम्ही वाचकांवरच सोपवतो.

त्याच १ नोव्हेंबरला संविधानाची सातवी दुरुस्तीही अमलात आली आणि तिने अनुच्छेद ३५०-क आणला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे तो सांगतो. ‘प्रयत्न’ हा शब्द वकिलाला हताश करणारा आहे खरा. पण हे कर्तव्य राज्याबरोबर स्थानिक प्राधिकरणांवरही टाकलेले आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर या तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सावरगावच्या पालकांना मराठी शाळेची मागणी घेऊन आता घाट चढून छिंदवाड्याला जाण्याचे कारण उरलेले नाही. जिल्हाधिकारी कार्यालय पांढुर्ण्यातच आहे. अर्ज मराठीत लिहावा आणि त्यात अनुच्छेदाचा क्रमांक अवश्य घालावा.