दम्याचा झटका, अ‍ॅलर्जी आणि जंगलातली वाट

दम्याचा तीव्र झटका आणि अ‍ॅलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया या दोन वेगळ्या व्याधी असल्या तरी त्यांच्या तातडीच्या उपचारांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. दोन्हींत श्वास अडतो, दोन्हींत हाताशी वेळ थोडा असतो, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्हींवर पहिला खात्रीचा उतारा ठरले ते एकच औषध: अ‍ॅड्रेनालिन. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील गुंदसारख्या जंगलातल्या गावी मात्र हा इतिहास जितका औषधांचा, तितकाच रस्त्यांचा आहे.

जोयडा तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबईकडेच राहिला. पुढे सुपा हे गाव काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेले आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. इंग्रजी अमदानीत हा मुलूख हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. सरकारी वैद्यकाचे लक्षही तिकडेच असे. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डीडीटीची फवारणी झाली, तेव्हा कुठे हिवतापाची पकड ढिली होऊ लागली. तापाने माणसे दगावत असताना धाप लागणाऱ्या रोग्याकडे पाहायचे ते घरच्यांनी आणि वैदूने.

वैद्यकशास्त्राला हा रोग नवा नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार दिले आहेत. त्यांतल्या तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी चांगलेच जुळते: रोग्याला आडवे होववत नाही, बसल्यावर बरे वाटते, गरम हवेसे वाटते, ढगाळ आणि थंड हवेत त्रास वाढतो. सह्याद्रीच्या पावसाळ्यात दम्याच्या रोग्याकडे पाहिलेल्या कोणालाही हे वर्णन पटेल. उचकी आणि श्वास यांच्याइतक्या झपाट्याने जीव घेणारे रोग दुसरे नाहीत, असेही चरकाने बजावले आहे. रोगाच्या या निकडीची जाण इतकी जुनी आहे.

घरगुती उपायांत अडुळशाचा रस आणि काढा पहिला. त्याने कफ सुटतो, आणि अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. झटका मात्र अडुळशाने मोडत नाही. त्यासाठी धोतऱ्याची वाळलेली पाने किंवा मुळे चिलमीत ओढली जात. हा उपाय भारतातूनच युरोपात गेला. मद्रासचे डॉ. जेम्स अँडरसन यांच्याकडून तो जनरल जेंट यांना कळला आणि त्यांनी १८०२ च्या सुमारास तो ब्रिटनमध्ये नेला. एकोणिसाव्या शतकात तिकडे धोतऱ्याच्या सिगारेटी दम्याचे औषध म्हणून दुकानांत मिळत. धुराने श्वासनलिका सैल होत, कारण धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिनच्या जातीची द्रव्ये असतात. पण मात्रा किंचित चुकली तर रोगी बरळू लागे, आणि प्राणही जाई. अ‍ॅट्रोपिनची रचना बदलून घडवलेले इप्राट्रोपियम आज तीव्र दम्याच्या रोग्याला नेब्युलायझरमधून दिले जाते. चिलमीतल्या उपायाचे हे सुरक्षित रूप होय.

अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी लावण्याची रीत कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर घरोघर आहे. गांधी नुसत्या कातडीपुरत्या असतील तर त्यात काही बिघडत नाही. त्यांच्यासोबत ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, छातीत घरघर, उलट्या किंवा भोवळ आली, तर तो प्रकार निराळा, आणि तिथे आमसुलावर घालवलेला वेळ जिवावर बेतू शकतो. जंगलात असा प्रसंग आणणारी मुख्य गोष्ट म्हणजे आग्या मोहोळाच्या माश्या आणि गांधीलमाश्या.

या प्रतिक्रियेला शास्त्रीय नाव मिळाले १९०२ मध्ये. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचे विष अल्प प्रमाणात टोचले. काही आठवड्यांनी तेच विष पुन्हा टोचल्यावर संरक्षण मिळण्याऐवजी कुत्री काही मिनिटांत मेली. या प्रकाराला त्यांनी अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हटले, आणि त्यावरच्या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास, १९०१ मध्ये, जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी अमेरिकेत अ‍ॅड्रेनालिन शुद्ध स्फटिकरूपात मिळवल्याचे जाहीर केले. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या बुलोवा आणि कॅप्लन यांनी दम्याच्या झटक्यात ते कातडीखाली टोचून गुण आल्याचे नोंदवले. श्वासनलिका सैल करणे, रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सावरणे आणि सूज उतरवणे ही तिन्ही कामे हे एकटे औषध करते. आजही अ‍ॅनाफिलॅक्सिसवर त्याच्या तोडीचे दुसरे औषध नाही.

मुंबई इलाख्यात या प्रतिक्रियेशी डॉक्टरांची गाठ पडली ती मुख्यतः घोड्याच्या रक्तरसापासून केलेल्या औषधांमुळे. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. तिथे पुढे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषे तयार होऊ लागली. या प्रतिविषांनी असंख्य प्राण वाचवले, पण घोड्याची प्रथिने काही रोग्यांना सोसत नाहीत. म्हणून प्रतिविष लावताना अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवण्याचा दंडक पडला. जोयड्याच्या जंगलात याला आणखी एक बाजू आहे. पश्चिम घाटातल्या चापड्यांच्या दंशावर हे चौविध प्रतिविष चालत नाही. तिथे ते दिले तर फायदा नाहीच, उलट प्रतिक्रियेचा धोका मात्र पदरी पडतो. त्यामुळे साप ओळखणे हा इथे उपचाराचाच भाग ठरतो.

दम्याच्या औषधांची वाट पुढे वेगळी झाली. १९३७ पासून अ‍ॅमिनोफायलिन शिरेतून देण्याची पद्धत रुळली. त्याच कुळातले डेरिफायलिनचे इंजेक्शन भारतातल्या लहान दवाखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या दम्याचे हुकमी औषध मानले गेले, आणि ते मागे पडायला गरजेपेक्षा फार जास्त काळ लागला. १९५६ मध्ये अमेरिकेत दाबून फवारा देणारा पहिला इनहेलर आला. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रीनालिनचे तीव्र फवारे वापरणाऱ्या तरुण रोग्यांचे मृत्यू वाढले. १९६९ मध्ये बाजारात आलेल्या साल्ब्युटामॉलचा हृदयावरचा ताण कमी होता. भारतात सिप्लाने १९७० च्या दशकात असे फवारे आणले आणि ‘पंप’ हा शब्द घराघरांत गेला. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमजही त्याच्यासोबत गेला. त्या समजुतीपायी रोगी स्टिरॉइडचा नेमाचा पंप सोडतात आणि झटका घेऊन रुग्णालयात येतात. हैदराबादला मृगाच्या मुहूर्तावर दम्यासाठी जिवंत मासा गिळण्याची किंवा कोजागिरीला खिरीतून औषध घेण्याची प्रथा लोकप्रिय असली, तरी चढलेल्या झटक्यात तिचा काही उपयोग नाही.

तातडीच्या कक्षातला आजचा क्रम ठरलेला आहे: प्राणवायू, साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमचे नेब्युलायझेशन, पहिल्या तासातच स्टिरॉइड, आणि एवढ्यानेही न उतरल्यास शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये रोग्याला आडवे निजवून, धाप असेल तर बसवून, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनालिन देतात. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, आणि गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅव्हिल आणि स्टिरॉइडची इंजेक्शने त्यानंतरची. ती आधी देऊन अ‍ॅड्रेनालिनला उशीर करणे ही अजूनही सर्रास होणारी चूक आहे.

कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाली. गुंदच्या बाजूला मात्र घाटरस्ता, पावसाळ्यात पडणारी झाडे आणि मोबाइलची तुटक रेंज यांमुळे गाडी बोलावणे आणि ती पोहोचणे, दोन्हींना वेळ लागतो. त्यामुळे पहिली मात्रा गावातच मिळाली पाहिजे. लसीकरणानंतर अ‍ॅनाफिलॅक्सिस झाल्यास अ‍ॅड्रेनालिनची एक मात्रा देऊन रोग्याला पुढे पाठवण्याची मुभा भारतात आरोग्यसेविकेला दिलेली आहे. आग्या माशीच्या दंशानंतरची प्रतिक्रिया शरीरात त्याच मार्गाने जाते आणि तिला औषधही तेच लागते. कुपी काही रुपयांची आहे आणि उजेडापासून झाकून ठेवली की उपकेंद्रात टिकते. तीच मुभा जंगलपट्ट्यातल्या उपकेंद्रांना दंशासाठीही मिळायला हवी.