रोहित्राचा न्यूट्रल जमिनीस का जोडतात?

वीजकेंद्रातील जनित्राचा दाब, उदाहरणार्थ ११ किलोव्होल्ट, रोहित्र २२० किलोव्होल्टपर्यंत चढवते. अशा थ्री-फेज रोहित्राची जनित्राकडील गुंडाळी सहसा डेल्टा, तर वाहिनीकडील गुंडाळी स्टार पद्धतीची असते आणि स्टारचा न्यूट्रल बिंदू थेट जमिनीस जोडलेला असतो.

तो मोकळा ठेवला तर काय होईल? दूरच्या टोकाचा ब्रेकर उघडला असताना एखादी तार जमिनीस टेकल्यास फारच थोडा प्रवाह वाहील. संरक्षक रिलेला तो जाणवला नाही, तर पडलेली तार वीजभारित राहील. उरलेल्या दोन तारांचा जमिनीसापेक्ष दाब १२७ वरून २२० किलोव्होल्टवर जाऊन इन्सुलेशन धोक्यात येईल. थेट अर्थिंग असल्यास मोठा प्रवाह वाहतो व रिले वाहिनी त्वरित बंद करतो.

तिन्ही फेजमध्ये सारखा असणारा दोष-प्रवाहाचा अंश डेल्टातच फिरतो, जनित्रात शिरत नाही. जनित्राचा न्यूट्रल मात्र अनेक मोठ्या संचांत उच्च रोधामार्फत जमिनीस जोडतात. त्यामुळे आतील बिघाडाचा प्रवाह काही अँपिअरपुरता राहून लोखंडी गाभा वाचतो.

थोडक्यात, वाहिनीकडे प्रवाहाला मोकळी वाट द्यावी, जनित्राकडे ती अरुंद ठेवावी.