भीमाशंकरची घंटा आणि आपली उपकारस्तुती



ज्युबिलीच्या वर्षी परमेश्वराच्या उपकारांचे स्मरण करावयाचे, तर आरंभ कोठून करावा? मी तो आपल्याच पुणे जिल्ह्यातील एका घंटेपासून करितो. मंचरहून घोडेगाव व डिंभे ह्या गावांवरून जो रस्ता भीमाशंकरास जातो, त्याच्या शेवटी शिवालयाच्या आवारात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. हे साल शकाचे नव्हे, प्रभूच्या जन्मापासून मोजलेले होय.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या. वाईजवळच्या मेणवलीस एक आहे, भीमाशंकरास ही दुसरी. तहाप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी सन्मानाने निघून गेली, आणि तिच्यामागून बहुतेक परदेशी धर्मगुरूही गेले. मागे उरले ते आपले मराठी बोलणारे शेतकरी, बागाईतदार आणि कोळी. राजा गेला, राजाश्रय गेला, घंटाही गेल्या. आता ख्रिस्ती राहण्यात ऐहिक लाभ तो कोणता उरला होता? तरीही पुष्कळ जण राहिले. गोव्याचे धर्मगुरू त्यांची काळजी वाहत राहिले, आणि घराघरांतून प्रार्थना चालू राहिली. त्याच भूमीत १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला. माझ्या मते आपल्या श्रद्धेचा खरा इतिहास घंटा गेल्यानंतरचाच आहे.

ती घंटा परत मागावी, असे कोणी कोणी बोलतात. मला ते रुचत नाही. पोर्तुगीज अमलात वसई-साष्टीतील हिंदूंची देवळे पाडली गेली, हेही आपल्याच इतिहासाचे पान आहे. ते झाकून केलेली उपकारस्तुती देवास कशी पोहोचावी?

वाटेवरील डिंभे हेच शिकविते. तेथे घोड नदीस धरण बांधले आहे. हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे नाव त्या जलाशयास दिले आहे. त्याच्या कालव्यांनी खाली शेते भिजतात आणि शेतकरी देवाचे आभार मानतो, ते योग्यच. परंतु ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव पडले, ते जुने गाव त्याच पाण्याखाली आहे. एकाच्या ओंजळीतील पाणी दुसऱ्याच्या उंबरठ्यावरून आलेले असते.

आपण मिस्साबलिदानास युखारिस्त म्हणतो. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. आणि प्रभूने भाकर हाती घेऊन ती केव्हा केली? सुबत्तेच्या दिवशी नव्हे. ज्या रात्री त्यास धरून देण्यात आले, त्याच रात्री.

म्हणून ज्युबिलीच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये दोन विनंत्या मी मुद्दाम घातल्या आहेत: एक, १७३९ नंतर वसईत राहिलेल्या त्या अनाम कुटुंबांबद्दल आभाराची, दुसरी, धरणासाठी घरदार सोडून गेलेल्या आंबेगावकरांसाठी. घंटा वाजण्यापूर्वी आपण सर्वांनी जागेवर असावे.