कापूस का भिजत नाही?

मामाचं गाव सिंदी (रेल्वे). लहानपणी दिवाळीत तिथे गेलो असताना पायाला विळा लागला. घरात कापसाचा ढीग होताच. त्यातलाच बोळा जखमेवर दाबला. रक्त आत शिरेचना, बाजूने ओघळत राहिलं! मेडिकलमधल्या कापसाने मात्र चटकन टिपलं. कापूस तोच, मग असं का?

मंडळी, उत्तर आहे मेण. शेतातल्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, वजनाच्या जेमतेम 1 टक्का. कॉस्टिक सोड्यात उकळून तो काढला की कापूस पाणी पितो. पण मेणबत्तीवर थेंब जरा बसका राहतो आणि कच्च्या कापसावर जास्त गोल. का?

थेंबाची कड पृष्ठभागाशी कोन करते. 1805 मध्ये थॉमस यंगने त्याचा हिशोब मांडला, पण गुळगुळीत पृष्ठभागासाठी. 1936 मध्ये (गांधीजी सेवाग्रामला राहायला आले तेच वर्ष) अमेरिकेत वेंझेलने सांगितलं, की खडबडीत पृष्ठभागाचं खरं क्षेत्रफळ जास्त असतं. म्हणून भिजणारा जास्त भिजतो, न भिजणारा आणखी कमी. 1944 मध्ये इंग्लंडच्या लोकर संशोधन संस्थेतले कॅसी आणि बॅक्स्टर म्हणाले, तंतूंमध्ये हवा अडकते आणि थेंब बराचसा हवेवरच बसतो. माझा बोळा म्हणजे नेमकं हेच.

दोन्ही सूत्रं थेंबाखालच्या सगळ्या भागाची सरासरी घेतात. 2007 मध्ये गाओ आणि मॅकार्थी यांनी न भिजणाऱ्या पृष्ठभागावर भिजणारा ठिपका केला आणि त्याला पूर्ण झाकेल एवढा थेंब ठेवला. कोन बदललाच नाही! पोटाखाली काहीही असो, कोन ठरतो कडेवर. त्यावर इतरांनी उत्तर दिलं, की खडबडीतपणा बारीक आणि सगळीकडे सारखा असेल तर जुनी सूत्रं चालतात. नसेल तर कडेजवळचाच हिशोब करा.

हा नुसता प्रोफेसरांचा वाद नाही हं. गिरणीत कापड धुताना मेण कुठे गेलं, कुठे राहिलं, तर सरासरी 'भिजेल' म्हणते, पण पाण्याची कड मेणापाशी अडते आणि रंग डागाळतो.

सोमवारी ऑफिसात सर्व्हरचा 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' छान हिरवा दिसला, की मला तो बोळा आठवतो. सरासरी ठीक असते हो, पण रक्त ओघळतं ते कडेनेच.