पदर, चाक आणि विजेची गाडी

मागच्या बैठकीत आमच्या बचत गटाकडं विजेच्या स्कूटरसाठी कर्जाचे दोन अर्ज आले. एक कोल्हापूरला डबे पोचवणारीचा, दुसरा सुनेला कॉलेजला जाण्यासाठी. दुकानात सांगतात, "लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल तर नकोच." हे खोटं नाही. पण असं का, हे बघायला आम्ही जरा मागं गेलो.

१९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकनं लूना आणली. पायडल मारून सुरू होणारी, हलकी, बिनगिअरची. कितीतरी मास्तरीणबाई आणि नर्सबाई तिच्यावरूनच नोकरीला गेल्या. १९८४ साली बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली. बायकांना गाडी मिळाली, पण पदराचं काय?

कापड आणि चाक यांचं वैर जुनं आहे. १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी उघड्या मोटारीतून निघाली होती. गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ चाकात गेला आणि ती जागीच गेली. आपल्याकडं ओढणी आणि पदर रोजच चाकाशेजारी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेवटी लिहिलं गेलं, की मागं बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारी जाळी हवी. हाच आपला साडी गार्ड. तरी हा वाद मध्य प्रदेशातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१८ साली न्यायालयानं कंपन्यांचं म्हणणं फेटाळलं. एका जाळीसाठी एवढी वर्षं!

आता विजेची गाडी. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशी गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. म्हणून लायसन नाही, नंबर प्लेट नाही, हेल्मेटची आणि विम्याची सक्ती नाही. साडी गार्डचा नियमही तिला लागत नाही. लूनाच्या वेळचीच गोष्ट पुन्हा: गाडी आधी आली, नियम मागं राहिला.

आमच्यातली एक अशाच गाडीवरून महाद्वार रोडला पडली. गाडीला आवाज नाही, त्यामुळं पुढं चालणाऱ्या आजीबाईंना ती आलेली कळलीच नाही. त्यांना वाचवताना हिचं मनगट मोडलं. वेग वीसचाही नसेल. डोकं आपटलं असतं तर? सीटच्या उंचीवरून दगडावर पडलं तरी डोकं फुटतंच. दुसरी गोष्ट घरातली. गाडी चालू आहे हे आवाजावरून कळत नाही. लेकरानं मूठ पिळली की गाडी उडी घेते. चावी काढून कमरेला लावा, अगदी दोन मिनिटं थांबलात तरी.

२०२२ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. मे महिन्यात राज्याच्या परिवहन खात्यानं फेरफार करून वेग वाढवलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली. वेग वाढवला की ती गाडी सवलतीत बसत नाही, आणि सापडलो तर आपणच अडकतो. त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम डिसेंबरपासून टप्प्याटप्प्यानं कडक झाले. जुनी बॅटरी स्वस्तात मिळाली तर घेऊ नका. बॅटरी निजायच्या खोलीत किंवा दारात लावून झोपू नका. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरा.

आणि आपल्या भागाचं म्हणाल तर ऊसाचा हंगाम. अंधारात मागं लाल दिवा नसलेली ट्रॉली, आणि आपली गाडी मुकी. सूर्य मावळायच्या आत घर गाठलेलं बरं.

हेल्मेटचं नाव काढलं की पुण्यात कृती समिती उभी राहिली होती. आम्हा कोल्हापूरकरांना तर कृती समितीची सवयच, टोल गेला तोही आंदोलनाच्या जोरावर. पण टोल खिशातून जात होता, हे डोक्यातून जातं.

दोन्ही अर्ज आम्ही मंजूर केले. सुनेची गाडी पासिंगची, विमा असलेली; ती आधी लायसन काढणार आहे. डबेवालीनं छोटीच गाडी मागितली. तिच्या कर्जात आम्ही हेल्मेट, साडी गार्ड आणि मागं लावायच्या रिफ्लेक्टरचे पैसे धरले. पावती दाखवल्यावरच पहिला हप्ता सुरू होईल.