मुलं येईनात, मग शाळाच अंगणात गेली



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक चालू होती. हप्त्यांचा हिशेब सुरू असताना एका ताईंचा चार वर्षांचा मुलगा रडायला लागला. आम्ही सगळ्याजणी एकदमच म्हणालो, "गप बस, नाहीतर बागुलबुवा येईल!" तो गप्प झाला. पण भ्याला म्हणून गप्प झाला. त्याला काय हवं होतं, ते कुणीच विचारलं नाही. आम्हाला ते लागून राहिलं.

भीती न घालता मुलं घडवता येतात, हे आपल्याच खेड्यांत बायांनी करून दाखवलं आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. मार नाही, बक्षिसाची लालूच नाही. मूल आपलं काम आपण निवडतं, चुकतं, पुन्हा करून बघतं. "मला जमलं" हे त्याचं त्यालाच कळतं. आत्मविश्वास येतो तो असा.

१९४५ साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यात बोर्डीला काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या अनुताई शिकून शिक्षिका झाल्या होत्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी आयांना दोष दिला नाही, बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आधी मुलांना अंघोळ, वेणीफणी, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागडी साधनं कुठली? शिंपले, बिया, पानं, खडे यांवरच मुलं मोजायला आणि रंग ओळखायला शिकली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली.

पुढं १९७५ साली सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी गावोगावी पोचली. आपण तिथं खाऊ आणि लस बघतो. तिच्या मुळाशी मुलाचं मन आहे, हे मात्र विसरतो.

आता आमच्या बैठकीत कोपऱ्यात एक चटई असते. तिच्यावर चिंचोके, शिंपले, रिकाम्या डब्या. मूल रडलं, तर एकीनं हिशेब सोडून जवळ बसायचं आणि विचारायचं, "राग आला का? भीती वाटली का?" नाव मिळालं की रडू लवकर ओसरतं, असा आमचा अनुभव आहे. बागुलबुवाला आम्ही गटातून काढून टाकलंय. तुम्हीही काढा.