सवलतीचे माप

दिवाळी जवळ आली की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातही आता मोबाईलवर महासेलची दवंडी पिटली जाते. एक किंमत खोडलेली, शेजारी दुसरी छापलेली आणि वर 'साठ टक्के सूट' असा शिक्का! ही सवलत खरी की नुसता देखावा? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर गणितात जितके आहे, तितकेच ते इतिहासातही आहे.

सवलत म्हणजे दोन आकड्यांमधील अंतर. तेव्हा वरचा आकडा कोणी ठरविला, हे आधी विचारले पाहिजे. आपल्या या भागाला हा प्रश्न नवा नाही. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की सावकाराकडून खावटीचे भात किंवा नागली आणावयाची आणि पीक निघताच दीडपट, प्रसंगी दुप्पट, परत करावयाची, अशी ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागातील चाल होती. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सायमिंग्टन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात या व्यवहाराची नोंद केली. अडल्या वेळी मिळालेले धान्य घेणाऱ्याला उपकारच वाटे. पण माप देणाऱ्याच्या हातात असे आणि हिशेबाची वहीही त्याच्याच घरी!

पुढे १९५६च्या कायद्याने वजनमापे देशभर एक झाली. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ निघाले आणि १९७६च्या कायद्याने आदिवासींच्या मालाच्या एकाधिकार खरेदीची वाट मोकळी झाली. मापावर सरकारी शिक्का बसला. मग किमतीचे काय?

१९७७च्या नियमांनी पुडक्यावर किंमत छापणे बंधनकारक केले. पुढे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धत रूढ झाली. परंतु ती किंमत सरकार ठरवीत नाही. काही औषधांसारखे अपवाद सोडले, तर ती उत्पादकच ठरवितो. त्याहून अधिक घेऊ नये, एवढाच कायद्याचा दंडक. त्या किमतीला ती वस्तू कधी तरी विकली गेलीच पाहिजे, असे कोठेही म्हटलेले नाही.

एक उदाहरण घेऊ. मिक्सरवर हजार रुपये छापले आहेत. पण दुकानात तो वर्षभर सहाशेला मिळतो. सेलमध्ये 'चाळीस टक्के सूट' म्हणून तोच सहाशेला दिला, तर सवलत शून्य. पाचशेला दिला, तर सवलत खरी; पण ती पन्नास टक्के नव्हे, सुमारे सतरा टक्के.

ज्या २०१४ साली १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला फ्लिपकार्टचा 'बिग बिलियन डे' गाजला. आधी किंमत चढवून मग सूट दाखविल्याच्या तक्रारी झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची लेखी क्षमा मागितली.

म्हणून सगळेच सेल खोटे, असे आम्ही म्हणणार नाही. जुना साठा हलवावयाचा असतो, नवे गिऱ्हाईक जोडावयाचे असते, बँक आपल्या कार्डासाठी काही भार उचलते. तेव्हा दर खरोखर उतरतात. पण पारख हवी. युरोपीय संघात २०२२ पासून सवलत जाहीर करताना आधीच्या किमान तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आपल्याकडे १९८६च्या ग्राहक कायद्यापासून फसव्या सवलतीची जाहिरात अनुचित ठरली आहे, आणि 'आता थोडेच नग उरले' अशी खोटी घाई करण्यासही २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. तरीही कालचा भाव लक्षात ठेवण्याचे काम अखेर ग्राहकालाच करावे लागते.

ते काही अवघड नाही. हवी असलेली वस्तू सेलच्या महिनाभर आधी पाहावी, तिचा भाव वहीत टिपावा, पेठेतल्या दुकानात विचारावा, पोचविण्याचा खर्च त्यात मिळवावा आणि मग तुलना करावी. नको असलेली वस्तू तर निम्म्या किमतीतही महागच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हिशेबाची वही सावकाराकडे असे. आज ती आपल्या घरी ठेवता येते. तेवढी ठेवावी, इतकेच आमचे सांगणे आहे.